टाकून देता येईल असा सर्व्हर

गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या मुख्य मंदिराचा जीर्णोद्धार करायचा तर आधी त्याचे थर उतरवावे लागतात. जुन्या दगडी कामाची रीतच तशी आहे. प्रत्येक थराचा नकाशा काढायचा, दगडावर क्रमांक टाकायचा, फोटो घ्यायचा, दगड खाली आणून ओळीने मांडायचे आणि मग त्याच क्रमाने परत वर चढवायचे. चढवताना एखादा दगड तडकलेला निघतो, एखाद्याची खाच झिजलेली असते, एखादा कधीचाच नाहीसा झालेला असतो. मग त्याच जातीचा दगड शोधा, घडवा, बसवून बघा. वीज कोसळून या मंदिराच्या शिखराची पडझड झाली तिला दोनेक शतकं होऊन गेली. त्यानंतर जमेल तशी डागडुजी झाली, आणि त्या डागडुजीचे दगड आता मूळ दगडांत मिसळलेले आहेत. महाशिवरात्रीच्या यात्रेला येणारा भाविक दरवर्षी विचारतो, ‘एवढं काय अवघड आहे?’

रुग्णालयात सर्व्हर बसवणाऱ्याला यातलं अवघडपण समजावून सांगावं लागत नाही. सुट्या भागांतून मोठं सॉफ्टवेअर उभं करणं हे याच जातीचं काम आहे. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर म्हणजे काही एकच प्रोग्रॅम नसतो. तळाशी लिनक्स, त्यावर जावाची ठरावीक आवृत्ती, त्यावर टॉमकॅट, शेजारी मायएसक्यूएल, हिशेबासाठी आणि प्रयोगशाळेसाठी पोस्टग्रेस, पुढे वेब सर्व्हर, आणि या सगळ्यांना लागणारी शेकडो बारीकसारीक पॅकेजेस. एकाचा भार दुसऱ्यावर. शिवाय हे भाग कुठे अंगणात मांडून ठेवलेले नसतात, त्या त्या दिवशी इंटरनेटवरून उतरवायचे असतात. सहा महिन्यांपूर्वी जी आज्ञा दिल्यावर जे पॅकेज आलं, तेच आज येईल याची खात्री नाही. पुण्यात हे दोन तासांत उरकतं. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत भामरागडला पोचल्यावर हेच काम सुरू केलं, तर दोनशेपैकी एकशे ऐंशी पॅकेजेस उतरतात आणि नेट जातं. नेट येतं तेव्हा लाइन गेलेली असते. अर्धवट बसवलेला सर्व्हर हा न बसवलेल्या सर्व्हरपेक्षा वाईट, कारण नेमकं कुठे अडलं हे कोणालाच सांगता येत नाही.

इथे मंदिराची उपमा थांबते, कारण उभं केलेलं मंदिर उचलून नेता येत नाही. सॉफ्टवेअर नेता येतं. कोणीतरी, ज्याच्याकडे चांगलं नेट आणि भरपूर वेळ आहे, एका यंत्रावर सगळे थर नीट रचतो, चालवून बघतो, बंद करतो, आणि त्या यंत्राची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये भरतो. ते यंत्रही खरं नसतं. एका खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला तो दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. ही फाइल दुसऱ्या कुठल्याही संगणकावर नेऊन उघडली, की तेच यंत्र, त्याच अवस्थेत, तिथे उभं राहतं. वाटेत नेटची गरज नाही. याच फाइलला सगळे ‘इमेज’ म्हणतात.

कल्पना जुनी आहे. एका महागड्या यंत्रात अनेक यंत्रं भासवण्याचा उद्योग आयबीएमने १९६० च्या दशकात केला आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने तो बाजारात आणला. साध्या पीसीवर हे शक्य झालं ते १९९९ मध्ये, व्हीएमवेअरच्या वर्कस्टेशनने. २००६ मध्ये अमेझॉनने भाड्याने सर्व्हर देताना ‘आधी इमेज निवडा’ असंच सांगायला सुरुवात केली, आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांत सर्व्हर बसवणं म्हणजे इमेज उघडणं असं समीकरण झालं. हा इतिहास इथे एवढाच पुरे. मला सांगायचं आहे ते इमेज उघडल्यानंतरचं. बहुतेक जण समजतात की इमेज उघडली म्हणजे काम झालं. माझं म्हणणं असं, की तयार इमेजची किंमत ती किती सहज उघडते यावर नसते. ती किती सहज टाकून देता येते यावर असते. हे जरा विचित्र वाटेल, म्हणून सावकाश बघू.

उदाहरण घेऊ बहमनीचं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीत जन स्वास्थ्य सहयोग नावाची डॉक्टरांची संस्था आहे. तिच्या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स या कंपनीने २०१२-१३ च्या सुमारास हे सॉफ्टवेअर बांधायला घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. त्याच्या पोटात तीन जुनी खुली सॉफ्टवेअर आहेत. रुग्णाच्या नोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस, बिलं आणि औषधसाठ्यासाठी ओडू. पुढे गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळच्या हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पाच्या रुग्णालयाने ते घेतलं. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमट्यांनी वाढवलेला हा प्रकल्प. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमालगतचा हा मुलूख पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की जगापासून तुटतो. अशा ठिकाणी ‘बिघडलं तर कंपनीचा माणूस येईल’ हे वाक्य जून ते सप्टेंबर निरर्थक असतं. ज्यांना बहमनी आधी करून बघायचं असे, त्यांच्यासाठी तयार व्हर्च्युअल मशीनही दिलं जाई. म्हणजे जंगलातल्या एका रुग्णालयाच्या गरजेतून घडलेली वस्तू, दुसऱ्या जंगलातल्या रुग्णालयात, डब्यात बंद होऊन येण्याची सोय.

डबा उघडायच्या आधीच्या अडचणी मजेशीर असतात, आणि त्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर सापडत नाहीत. बहुतेक इमेज ओव्हीए नावाच्या फाइलमध्ये येतात. ही फाइल म्हणजे गाठोडं आहे. आत एक वर्णनपत्र असतं: या यंत्राला प्रोसेसर किती, मेमरी किती, नेटवर्क कार्ड कोणतं. एक डिस्क असते. आणि प्रत्येक फाइलची ठसानोंद असते, म्हणजे वाटेत एक अक्षर जरी बदललं तरी कळावं. गाठोडं सहासात जीबीचं असतं. ते नागपूरहून पेनड्राइव्हवर आणायचं, तर पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. ‘जागा आहे, पण घेत नाही’ असा तो प्रकार. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं की घेतो. मग पोचल्यावर रुग्णालयाच्या संगणकावर यंत्र सुरूच होत नाही, कारण प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय कारखान्यातूनच बंद करून आलेली असते. संगणक चालू होताना एक कळ दाबून बायोसमध्ये शिरायचं आणि ती सोय चालू करायची. यात दोन मिनिटं जातात. ठाऊक नसेल तर दोन दिवस जातात. ठसानोंद तपासणं मात्र कोणीच करत नाही. शेकडो किलोमीटर खिशात हिंडलेल्या पेनड्राइव्हवरची फाइल न तपासता उघडणं हा निव्वळ आळस आहे.

आता यंत्र सुरू झालं. पहिल्या पाच मिनिटांत एक गोष्ट लक्षात घ्यायची असते. हे यंत्र स्वतःला अजून मूळ यंत्रच समजतं. डिस्क जशीच्या तशी उतरवली, म्हणजे त्यावरची ओळखही जशीच्या तशी उतरली. यंत्राचं नाव तेच. लिनक्सने पहिल्या बसवणुकीत स्वतःला दिलेला ओळखक्रमांक तोच. दुरून जोडणाऱ्याला ‘मी तोच सर्व्हर आहे’ हे पटवून देणारी एसएसएचची गुप्त किल्लीही तीच. एका इमेजच्या पन्नास प्रती पन्नास रुग्णालयांत गेल्या, तर पन्नास सर्व्हरांची किल्ली एक. एका ठिकाणची किल्ली ज्याच्या हाती लागली, तो बाकीच्या एकोणपन्नास ठिकाणी खुशाल तो सर्व्हर असल्याची बतावणी करू शकतो. हे काल्पनिक भय नाही. २०१२ मध्ये संशोधकांनी सगळ्या इंटरनेटवरची यंत्रं चाळली, तेव्हा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या कितीतरी यंत्रांच्या किल्ल्या हुबेहूब सारख्या निघाल्या. काहींचं कारण कारखान्यातून आलेली ठरावीक किल्ली हे होतं, तर काहींनी पहिल्यांदा सुरू होताना पुरेशी यादृच्छिकता हाती नसताना किल्ली बनवली होती. त्याच सुमारास आणखी काहींनी अमेझॉनवरच्या पाच हजारांहून अधिक सार्वजनिक इमेज उघडून तपासल्या. बनवणाऱ्यांनी आपल्या खासगी किल्ल्या आत तशाच विसरलेल्या होत्या, आणि ‘पुसलेल्या’ फाइल डिस्कवरून परत काढता येत होत्या. इमेज बनवणाऱ्याची सगळी दुपार तिच्यात बंद असते, चुकांसकट.

म्हणून चांगली इमेज अशी असते, की ती पहिल्यांदा सुरू होताच स्वतःची जुनी ओळख पुसते आणि नवी बनवते. विंडोजच्या जगात यासाठी सिसप्रेप नावाचं साधन आहे. लिनक्सच्या बाजूला क्लाउड-इनिट आहे. किल्ल्या नव्याने पाडायच्या, नाव विचारायचं, डिस्क असेल तेवढी पसरवायची, ही कामं ते करतं. इमेजमध्ये हे नसेल तर हाताने करायचं. आणि पासवर्ड बदलायचे. सरावासाठी वाटल्या जाणाऱ्या, व्हॅग्रंट या साधनाच्या इमेजमध्ये वापरकर्ता व्हॅग्रंट, पासवर्डही व्हॅग्रंट असतो. यात लपवाछपवी काही नाही, कागदपत्रांतच तसं लिहिलेलं आहे. बहमनीच्या नमुना संचात तर सुपरमॅन नावाचा वापरकर्ता आहे आणि त्याचा पासवर्ड जगजाहीर आहे. करून बघायला हे सोयीचं असतं. पण सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर खऱ्या रुग्णांच्या नोंदी असतात आणि सुपरमॅन अजून तिथेच असतो. नमुना कधी खरा झाला, हे कोणी जाहीर केलेलं नसतं, त्यामुळे त्या दिवशी करायची कामंही कोणी केलेली नसतात.

घड्याळाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिचा त्रास उशिरा कळतो. बहुतेक तयार इमेज जागतिक प्रमाणवेळेवर लावलेल्या असतात. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. दिवसा ओपीडी चालते तेव्हा काही बिघडत नाही, तारीख तीच राहते. पण मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या पट्ट्यात घडलेली प्रत्येक गोष्ट आदल्या दिवसावर पडते. १५ ऑगस्टला पहाटे तीनला बाळंतपण झालं, तर सर्व्हरच्या हिशेबी ते १४ ऑगस्टच्या रात्री साडेनऊला झालं. रजिस्टरवर एक तारीख, संगणकावर दुसरी, आणि पुढे जन्मदाखला काढताना बापाला दोन कागद घेऊन हेलपाटे. रात्रीचा सर्पदंश, रात्रीचं बाळंतपण, पहाटेचा तापाचा मुलगा: गडचिरोलीच्या रुग्णालयात नेमक्या महत्त्वाच्या गोष्टी याच पट्ट्यात येतात. गंमत म्हणजे बहमनीच्या नमुना सेटिंगमध्ये वेळेचा पट्टा आधीपासून एशिया-कोलकाता असाच लिहिलेला असायचा. ते आपल्याकडे जन्मलेलं आहे ना! तेच सॉफ्टवेअर आफ्रिकेतल्या रुग्णालयात नेणाऱ्याला ही ओळ शोधून बदलावी लागते. प्रत्येक इमेजला एक जन्मगाव असतं आणि ते कुठे ना कुठे डोकावतं.

बहमनीचं जन्मगाव सर्वांत स्पष्ट डोकावतं ते रुग्णाच्या क्रमांकात. नमुना संचात नव्या रुग्णाला मिळणारा क्रमांक जीएएन या तीन अक्षरांनी सुरू व्हायचा. हे जीएएन म्हणजे गनियारी. सोबत आणखी तीन पर्याय असायचे: एसईएम, एसआयव्ही आणि बीएएम. सेमरिया, शिवतराई आणि बम्हनी ही जन स्वास्थ्य सहयोगची जंगलातली उपकेंद्रं. जगाच्या पाठीवर कुठेही कोणी हे सॉफ्टवेअर उत्सुकतेने उघडून पाहिलं, की त्याच्या पहिल्या खोट्या रुग्णाच्या माथी गनियारीची अक्षरं लागायची. मला यात दोष दिसत नाही, उलट आनंद वाटतो. पण हेमलकशाच्या केसपेपरवर जीएएन छापून येणं बरोबर नाही. क्रमांक एकदा वाटायला सुरुवात केली की मागे फिरता येत नाही. हजार माडिया कुटुंबांच्या घरी ते कागद गेलेले असतात, पेटीत ठेवलेले असतात, पुढच्या वेळी तेच घेऊन लोक येतात. म्हणून हा बदल पहिल्या रुग्णाच्या आधी व्हावा लागतो.

मग पत्ता. बहमनीला गावांची उतरंड द्यावी लागते: राज्य, जिल्हा, तालुका, गाव. ही यादी तक्त्याच्या साध्या फाइलमधून भरता येते. नोंदणीच्या काउंटरवर बसलेली ताई गावाची दोन अक्षरं टाइप करते आणि तालुका-जिल्हा आपोआप भरला जातो. ऐकायला सोपं. पण गडचिरोली जिल्हाच मुळी २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा निघालेला, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला विचाराल तर तो अजून चांदाच सांगतो. एका नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असतात. गावाचा टोला, म्हणजे बाजूची वस्ती, कागदावर नसतो, पण आशाताईला रुग्ण शोधायचा असतो तो टोल्यावरच. आणि भामरागडच्या रुग्णालयात महाराष्ट्राबाहेरचा रुग्ण हा अपवाद नसतो. इंद्रावतीपलीकडून छत्तीसगडचे लोक येतात. खाली सिरोंच्याकडे प्राणहिता ओलांडली की तेलंगणा. यादी एकाच राज्याची ठेवली, तर काउंटरवरची ताई शेवटी काहीतरी जवळचं गाव टाकून मोकळी होते, आणि वर्षअखेरीस हिवतापाचे आकडे काढले की एकाच गावात अचानक साथ आल्यासारखी दिसते.

वयाचंही तसंच. जन्मतारीख सक्तीची केली तर अर्ध्या वयस्क रुग्णांचा जन्म १ जानेवारीचा होतो. ओपनएमआरएसमध्ये याला एक शहाणा उपाय आहे. वय अंदाजे टाकलं, तर यंत्र तारीख काढतं, पण तिच्यापुढे ‘अंदाजे’ अशी खूण ठेवतं. हे सॉफ्टवेअर २००४ च्या सुमारास केनियातल्या एल्डोरेट भागातल्या एचआयव्ही उपचार केंद्रांची गरज डोळ्यांसमोर ठेवून सुरू झालं, आणि तिथेही लोकांना आपली जन्मतारीख ठाऊक नसायची. एल्डोरेटची अडचण भामरागडच्या कामी आली. मात्र ती खूण पडद्यावर दाखवायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं असतं. तपासणीच्या फॉर्मचंही तसंच. सिकलसेलच्या तपासणीत आधी सोल्युबिलिटी आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस, निकाल एएस असेल तर वाहक, एसएस असेल तर रुग्ण. हा क्रम ज्या रुग्णालयाला रोज लागतो त्याच्या फॉर्मवर तो वर हवा. ज्या शहरी इमेजमध्ये रक्तदाब आणि साखर वर असते, तिथे तो तळाशी असतो किंवा नसतोच.

आता मूळ मुद्द्याकडे. वर जे जे सांगितलं, म्हणजे क्रमांकाची अक्षरं, गावांची यादी, टोले, सिकलसेलचा फॉर्म, औषधांची यादी, छापील केसपेपरचा नमुना, हे सगळं कुठे राहतं? सगळ्यांत सोपी जागा म्हणजे इमेजच्या आतच. यंत्र चालू आहे, आत शिरा, फाइल उघडा, बदला, जतन करा. काम झालं. तीन वर्षं असंच होत राहतं. एकदा एक तंत्रज्ञ येतो, प्रिंटर चालेना म्हणून आत काही घालतो. दुसरा येतो, अहवाल हळू निघतो म्हणून काही काढतो. कोणी काही लिहून ठेवत नाही. तीन वर्षांनी ते यंत्र मूळ इमेजशी नातं तुटलेली, जगात एकच प्रत असलेली वस्तू होऊन बसतं. ती बिघडली तर तशी दुसरी बनवता येत नाही. मग तिला कोणी हात लावत नाही. ‘चालू आहे ना, राहू द्या’ हे वाक्य मी कित्येक कचेऱ्यांत ऐकलं आहे आणि ते ऐकलं की मला त्या यंत्राची धास्ती वाटते. तयार इमेजने ज्या संकटातून सुटका केली होती, त्याच संकटात माणूस परत जातो, फक्त या वेळी दगडांवर क्रमांकही नसतात.

बहमनी बांधणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. त्यांनी रुग्णालयाची रचना सॉफ्टवेअरपासून वेगळी काढली आणि बहमनी-कॉन्फिग नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवली. बसवताना एका सेटिंग फाइलमध्ये ‘कोणाची रचना’ अशी एक ओळ असे. तिथे सुरुवातीला ‘डिफॉल्ट’ लिहिलेलं असे. ते खोडायचं आणि आपल्या रचनेचं नाव लिहायचं. बस. लोक बिरादरीची रचना अशी वेगळी ठेवता येते, दुसऱ्या रुग्णालयाची वेगळी, आणि खालचं सॉफ्टवेअर दोघांचं एकच. रचनेच्या फाइली मजकुराच्या असतात, लहान असतात, कोणी केव्हा काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या गिटसारख्या साधनात त्या मजेत राहतात. रुग्णांच्या नोंदी तिसऱ्या जागी: डेटाबेसचा रोज रात्री निघणारा बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर, आणि जमेल तेव्हा दुसऱ्या गावी.

असं केलं की इमेजमध्ये तुमचं काहीच उरत नाही. ती जगभर सारखी असते, पुन्हा कुठूनही आणता येते, म्हणून ती मौल्यवान राहत नाही. टाकून देता येते. आणि टाकून देता येते म्हणूनच नवी आणता येते. हे नुसतं तर्कशास्त्र नाही, याला तारखा आहेत. बहमनीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या सेंटओएस ६ वर चालत. त्या लिनक्सला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झालं. सेंटओएस ७ चं जून २०२४ मध्ये. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात असं भगदाड सापडलं, की बाहेरून एक ओळ पाठवून यंत्र ताब्यात घेता येई. जगभरच्या लोकांनी तो नाताळ आपापल्या यंत्रांत तो घटक शोधण्यात घालवला. इमेज म्हणजे एका दिवसाचं गोठवलेलं जग. त्या दिवशी जे भोक कोणाला माहीत नव्हतं, तेही तिच्यात गोठलेलं असतं. ज्यांची रचना आणि डेटा बाहेर होता, त्यांनी नवी इमेज घेतली, रचना जोडली, डेटा भरला. ज्यांचं सगळं आत होतं, त्यांना जुन्या यंत्राला जागच्या जागी ठिगळं लावत बसावं लागलं. बहमनीने पुढे डॉकरचे कंटेनर स्वीकारले, म्हणजे एका मोठ्या इमेजऐवजी प्रत्येक घटकाची छोटी इमेज. तिथे हा नियम आणखी कडक आहे. कंटेनर नवा घेताना जुना सरळ फेकला जातो, आणि त्याच्या आत लिहून ठेवलेलं काहीही त्याच्याबरोबर जातं. काहींना हे क्रूर वाटतं. मला वाटतं, बरं झालं, शिस्त आपोआप लागली.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेता येतो, म्हणजे या क्षणाची अवस्था धरून ठेवता येते आणि बिघडलं तर मागे जाता येतं. काही नवं बसवण्याआधी हे उत्तम. पण पुष्कळ ठिकाणी यालाच बॅकअप समजतात. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. शिवाय तो महिनोन्‌महिने ठेवला तर मूळ फाइल आणि बदलांची फाइल यांचं ओझं वाढत जातं, आणि एके दिवशी डिस्क भरते. डिस्क भरण्याचा दिवस बहुतेक वेळा ओपीडी सर्वांत गर्दीची असते तोच असतो, कारण नोंदीही त्याच दिवशी सर्वांत जास्त होतात.

तेव्हा सर्व्हर टाकून देता येतो की नाही, हे कळायचा मार्ग एकच: पावसाळ्याआधी, मे महिन्यात, एकदा टाकून बघायचा. खरा नव्हे. शेजारी दुसरा संगणक ठेवायचा, एखादा जुना डेस्कटॉपही चालेल. त्यावर कोरी इमेज उघडायची. ठसानोंद तपासायची. ओळख नवी करायची, वेळ लावायची. रचनेचा फोल्डर जोडायचा. काल रात्रीचा बॅकअप भरायचा. मग काउंटरवरच्या ताईला बोलवायचं आणि म्हणायचं, काल संध्याकाळी शेवटी आलेला रुग्ण यात शोधा. तिला नाव आठवतं, गाव आठवतं. पडद्यावर तो सापडला, त्याचा कालचा तपासणीचा निकाल दिसला, औषधं दिसली, तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तंत्रज्ञाला सुचत नाही, तिला सुचतं. ती केसपेपर छापून बघते आणि मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येतात, कारण जुन्या यंत्रात कोणीतरी कधीतरी मराठीचा फॉन्ट बसवला होता आणि तो रचनेच्या फोल्डरमध्ये घेतलाच नव्हता. फॉन्ट फोल्डरमध्ये घालायचा, यंत्र पुसायचं, इमेज परत उघडायची आणि पहिल्यापासून पुन्हा. दुसऱ्या फेरीत लेबलच्या प्रिंटरचं सेटिंग राहिलेलं निघतं. तिसऱ्या फेरीत बहुधा ताईला चहा प्यायला वेळ मिळतो.